सेमीची तुकडी आणि चुन्याची निवळी

गणित ही विश्वाची भाषा आहे आणि विज्ञानाला मातृभाषा नसते. हे वाक्य मी शाळांच्या व्यासपीठांवरून इतक्यांदा ऐकलं आहे की ते खरं असावं असं मलाही अधूनमधून वाटतं. फक्त एक गोष्ट लक्षात आली आहे. ते म्हणणाऱ्यांमध्ये गणित किंवा विज्ञान शिकवणारं अजून कोणी भेटलेलं नाही. एक इतिहासाचे होते, दोघे-तिघे राजकारणातले होते आणि एकजण खतांच्या दुकानाचे मालक होते. त्यांनी हे वाक्य कागद न बघता म्हटलं, म्हणून ते विशेष लक्षात राहिले.

ज्यांना फळ्यासमोर उभं राहून विश्वाची ही भाषा सातवीच्या पोरांना समजावून सांगावी लागते ते अशी वाक्यं बोलत नाहीत. त्यांना एक सोडून दोन भाषा लागतात आणि दोन्हींत घसा बसतो.

मी मूळची डोणगावची, म्हणजे घाटावरची. आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख घाटावरचा की घाटाखालचा अशी होते. जात, शिक्षण, नोकरी हे सगळं त्याच्या नंतर. दहावीपर्यंत माझं सगळं मराठीतून झालं. लसावि आणि मसावि ही माझ्या डोक्यात जुळी भावंडं होती, कर्ण नेहमी काटकोनाच्या समोर शहाण्यासारखा बसलेला असायचा. अकरावीला मेहकरला सायन्सला गेले आणि एका जूनमध्ये ही सगळी ओळखीची माणसं नाव बदलून समोर आली. सर वर्गात येत, तासभर इंग्रजीत बोलत, शेवटी ‘अंडरस्टुड?’ म्हणत, आणि आम्ही सगळ्या मुली एका तालात माना डोलावत असू. पहिले सहा महिने मी मान डोलावण्यात काढले. त्यात मी हुशार होते.

समजायचं ते डब्याच्या वेळी. ज्या मैत्रिणीला आधी उलगडलं असेल ती पोळीचा तुकडा हातात धरून सांगायची, ‘अगं, काही नाही, गाडीने ब्रेक मारला की आपण पुढं पडतो ना, तेच ते.’ शिकवणं इंग्रजीत व्हायचं, समजणं मराठीत, तोंडात घास असताना. आमच्या कॉलेजचा निकाल चांगला लागायचा. त्याचं श्रेय कोणत्याही अहवालात डब्यांना दिलेलं मी पाहिलं नाही.

मग बी.एस्सी., बी.एड. आणि नोकरी लागली ती घाटाखाली, वडनेर भोलजीला. घरच्यांनी निरोप देताना दोनच गोष्टी सांगितल्या: ऊन फार आणि पाणी खारं. दोन्ही खऱ्या निघाल्या. आमच्या घाटावरच्या माणसांचा असा एक समज असतो की घाट उतरला की पाण्यात काहीही असू शकतं, आणि ते मुकाट्यानं प्यायचं असतं, कारण तक्रार केली तर समोरच्याला वाईट वाटतं. मीही पहिला महिना तसंच प्यायले. गावात काही विहिरी गोड्या होत्या, पण ते कळायला ओळखी व्हाव्या लागत.

वर्गात गेल्यावर कळलं की भाषेचा घोळ मी समजत होते त्यापेक्षा खोल आहे. पुस्तकात लिहिलेलं असायचं, ‘द्रावण सावकाश ढवळा.’ पोरं एकमेकांकडे बघायची.

‘ढवळा म्हंजे काय, मॅडम?’

मी सांगायच्या आत मागचा कोणीतरी म्हणायचा, ‘हालव बे!’ आणि काम सुरू.

म्हणजे पुस्तकातली मराठी हीच आमच्या पोरांची दुसरी भाषा होती. घरी वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी. एकदा पुण्याला प्रशिक्षणाला गेले असताना मी उभी राहून दोन वाक्यं बोलले, तर प्रशिक्षक फार मायेनं हसले. तेव्हा मला आपल्या वर्गाची फार आठवण आली.

अशा त्या शाळेत एका वर्षी सेमी इंग्रजी आलं.

आमची शाळा एका संस्थेची, पाचवी ते दहावी. संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की येत्या जूनपासून आठवीला सेमीची तुकडी सुरू होणार. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय होते तसे. ठराव झाला त्याच आठवड्यात फाटकावर नवी पाटी लागली. पुस्तकं आली नव्हती, शिकवणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं, पण पाटीला दोन रंग होते. या पाटीचं कारण रोज सकाळी फाटकासमोरून जायचं. तालुक्याच्या गावी एक इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिची पिवळी गाडी आमच्या गावातून पोरं घेऊन जायची. गाडी हॉर्न फार वाजवायची. आमच्या प्रार्थनेच्या वेळीच वाजवायची.

मला सांगण्यात आलं की आठवीच्या आधी तयारी म्हणून दिवाळीनंतर सातवीवर इंग्रजीचा प्रयोग करून बघा. प्रयोग नक्की सातवीवर होता की माझ्यावर, हे ठरावात स्पष्ट नव्हतं.

त्या दिवसांची मला आजही सगळ्यात जास्त आठवण येते. खिडक्यांच्या बाजूला पोरी, भिंतीच्या बाजूला पोरं, हायवेवरून ट्रक गेला की दोन वाक्यं थांबायचं, आणि फळ्यावर माझं इंग्रजी. माझी पद्धत सोपी होती. एक वाक्य पुस्तकातलं म्हणायचं, मग ‘म्हंजे’ म्हणायचं, आणि मग खरं शिकवायचं. पुढेपुढे मी वाक्य संपवून नुसती थांबले तरी अख्खा वर्ग एका सुरात ‘म्हंजेऽऽ’ म्हणायचा. शेजारच्या वर्गातल्या सरांना वाटायचं की आम्ही कविता घेतोय.

एकदा हवेचा दाब चालला होता.

‘एअर एक्झर्ट्स प्रेशर,’ मी म्हणाले.

‘म्हंजेऽऽ?’

‘म्हणजे हवा दाबते.’

‘कोनाले?’ भिंतीकडून प्रश्न आला.

‘सगळ्यांना. तुलासुद्धा.’

त्यानं स्वतःचे दंड चाचपून पाहिले. ‘मले तं नाई दाबून राह्यली, मॅडम.’

‘तुयात आतूनई हवाच भरेल हाय ना बे,’ खिडकीकडून एक मुलगी म्हणाली. ‘ते बाहीर दाबून राह्यली. कसा कळन तुले?’

वर्ग हसला. तोही हसला. मी जे पुढच्या तासाला सांगणार होते ते तिनं टोमण्यात सांगून टाकलं होतं.

ती मुलगी भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. वांगी, मिरची, कोथिंबीर; गावातल्या गोड्या पाण्याच्या मोजक्या विहिरींपैकी एक त्यांच्या वावरात होती. तिला एक सवय होती. मी इंग्रजी वाक्य म्हटलं की ती मागं वळून मागच्या बाकाला त्याचं वऱ्हाडी करून सांगायची. सुरुवातीला मी रागावले. मग सोडून दिलं, कारण तिचं भाषांतर माझ्यापेक्षा आखूड असायचं आणि मागचा बाक बरोबर उत्तर द्यायला लागला होता.

गुणाकार मात्र कोणीच इंग्रजीत करत नव्हतं. फळ्यावर ‘सेव्हन इन्टू एट’ आलं की सगळ्या वर्गाचे ओठ हलायचे, ‘सात आठे छप्पन’, आणि मग हात वर, ‘फिफ्टी सिक्स!’ मीसुद्धा तसंच करत होते. दोन्हींच्या मधल्या त्या क्षणात जे काय घडायचं त्याला विश्वाची भाषा म्हणत असतील तर माझी हरकत नाही.

जानेवारीत एका मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. खडू आवरत असल्याचं दाखवत होती, जे तिचं काम नव्हतं.

‘मॅडम, आपलं सेमीचं नक्की हाय का?’

‘पाटी लागली आहे की.’

‘पाटीचं नाई इचारत.’

मग तिनं सांगितलं. तिचा धाकटा भाऊ त्या पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जायचा, पाचवीला. आता वडिलांच्या मनात तिलाही तिथं घालायचं होतं. विचार चांगला होता; पोराला इंग्रजी आणि पोरीला मराठी असं नको, असं त्यांना वाटत होतं, आणि गावात असं वाटणारे बाप तेव्हा फारसे नव्हते. पण त्या शाळेनं सांगितलं होतं की मराठी शाळेतल्या मुलीला सातवीनंतर एकदम आठवीत घेता येणार नाही. इंग्रजी कच्चं राहतं. सहावीत बसवू.

‘सहावीत?’ मी म्हणाले.

‘अन् जूनमधी तो बी सहावीतच जाते.’

मी मनातल्या मनात इयत्ता मोजल्या.

‘एका वर्गात, मॅडम,’ ती म्हणाली. ‘घरी तो मले पानी मांगते. तिथं मले होमवर्क सांगीन. गाडीतबी सांगीन. अन् त्याचे दोस्त मले ताई म्हन्तीन का नावानं बलावतीन?’

मी तिच्या हातातले खडू घेऊन डब्यात टाकले.

‘बाबांना सांगितलंस का?’

‘सांगतलं. ते म्हंते, आपल्या शायेतलं सेमी चांगलं दिसलं तं इथीच राह्य. मार्चात कार्यक्रम हाय ना पालकाईचा. तवा येऊन पाह्यतो म्हंते.’

हा कार्यक्रम म्हणजे अध्यक्षांची कल्पना. सातवीच्या मुलांनी पालकांसमोर इंग्रजीतून विज्ञानाचा प्रयोग करून दाखवायचा, म्हणजे गावाची खात्री पटेल. अध्यक्षांनी एक शब्द वापरला होता: अस्खलित. तो त्यांनी इतक्या वेळा वापरला की आमचे मुख्याध्यापकही झोपेतून उठल्यासारखे मधूनच म्हणायचे, ‘मॅडम, अस्खलित बरं का.’

इंग्रजी शाळेच्या संमेलनाला जाऊन आलेले पालक काय बोलतात ते मी किराणा दुकानात ऐकलं होतं. ‘एकदाबी अटकला नाई पोट्टा,’ असं एकजण फार आदरानं सांगत होता. पोरगं कशाबद्दल बोललं हे त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘इंग्लिशबद्दल.’ मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्याला भाषा कळत नाही त्यानं ती तपासायची कशी? वेग बघायचा. मी स्वतः लग्नातल्या मंत्रांची परीक्षा अशीच करते.

म्हणून मी वेगाची सोय केली. वर्गातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा बोलायला निवडला आणि सगळं भाषण त्याला चालीवर बसवून दिलं. चाल त्याचीच होती. त्याच्या मामाच्या बँडमधली असावी. एकदा सुरू झाला की शेवटाला जाऊनच थांबायचा, मधून सुरू करता यायचं नाही. प्रयोग करायला ती मुलगी. तो बोलणार, ती करणार. तिनं स्वतःहून सांगितलं होतं, ‘मी करते, मॅडम. मले बोलाचं भेव नाई, पन घाई नाई होत.’

प्रयोग निवडला चुन्याच्या निवळीचा. कळीचा चुना पाण्यात ढवळायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं, ती निवळी. दिसायला साधं पाणी. तिच्यात नळीनं फुंकलं की आपल्या उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती दुधासारखी पांढरी होते. जाळ नाही, धूर नाही आणि मागच्या रांगेतूनही दिसतं. नळी म्हणून पपईच्या पानाचा देठ. हा देठ पुस्तकात नव्हता. तो तिनं घरून आणला होता, पोकळ, हिरवा आणि चांगला लांब. तालमीत प्रयोग दर वेळी जमला. ती फुंकायची, तो चालीवर ओरडायचा, निवळी पांढरी व्हायची आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. मला वाटलं, मुलीचं काम झालं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी आमचे बीकर पाहिले.

‘मॅडम, याच्यावर ओरखडे आहेत. बरं दिसत नाही. प्रमुख पाहुणे इंग्रजीचे प्राध्यापक आहेत, घाटावरून येताहेत.’

‘निवळी दिसली म्हणजे झालं, सर.’

‘पाहुण्यांसाठी काचेचे नवे ग्लास आणलेत ना? झाकणासहित. त्यातच ठेवा. शोभा येईल.’

झाकणाला माझा विरोध नव्हता. निवळी उघडी ठेवली तर हवेनं तिच्यावर साय धरते, त्यामुळे झाकण शास्त्रीयच होतं. अशा रीतीनं शोभेला विज्ञानाचा पाठिंबा मिळाला, आणि एकसारख्या ग्लासांतून, एकसारख्या झाकणांखाली, निवळी आणि पाहुण्यांचं पाणी शेजारच्या खोलीत एकाच टेबलावर ठेवण्यात आलं. तिथून ते मांडवात नेणं शिपाईमामांच्या हाती होतं. मामांनी त्या दिवशी गांधी टोपीला नीळ दिली होती.

मांडव भरला होता. डाव्या बाजूला बाया, उजवीकडे पुरुष, मागं उभे राहिलेले. मुलीचे वडील मला खांबाजवळ दिसले, पांढरा शर्ट, खांद्यावर रुमाल. तिलाही दिसले. तिनं मला डोळ्यांनी दाखवले.

मग अध्यक्ष बोलले. विश्वाची भाषा वगैरे झाली. त्यानंतर पाहुणे उठले. ते सज्जन गृहस्थ होते, मराठीत बोलले, इंग्रजीचं महत्त्व सांगितलं आणि मध्येच समोरच्या ग्लासाचं झाकण बाजूला करून एक घोट घेतला. त्यांचा चेहरा क्षणभर हलला. मला वाटलं, विषयामुळे भरून आलं असावं. थोड्या वेळानं त्यांनी आणखी एक, अगदी लहान घोट घेतला, यजमानांकडे पाहून किंचित मान हलवली आणि पुढं बोलले. नंतर मात्र त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. भाषणही लवकर आटोपलं.

आता आमची पाळी. टेबल पुढं आलं. मुलानं छाती भरून श्वास घेतला आणि सुरू झाला. मुलीनं झाकण काढलं, देठ ग्लासात सोडला आणि फुंकू लागली. बुडबुडे आले. छान आले. पाणी मात्र पाणीच राहिलं.

तो कशाला थांबतोय? ‘द लाइम वॉटर टर्न्स मिल्की!’ तो गरजला, हात ग्लासाकडे करून, आणि मांडवानं कडकडून टाळ्या वाजवल्या. ग्लास नितळ होता. आरपार पाहिलं तर मागं बसलेले अध्यक्ष दिसत होते, टाळ्या वाजवताना.

मुलगा पुढं निघाला, निष्कर्षापर्यंत गेला, ‘थँक यू’ म्हणून वाकला. एकदाही अटकला नाही. सगळं उत्तम पार पडलं होतं. ती मात्र अजून फुंकत होती. गाल लाल झाले. मग तिनं देठ बाहेर काढला, ग्लास उजेडात धरला आणि माईकपाशी, मोठ्यानं म्हणाली, ‘नाई झालं.’

मुख्याध्यापक मला खुणावत होते की तिला परत बोलवा. मी खुर्चीतून अर्धी उठले. तोवर तिनं लोकांकडे पाहून बोलायला सुरुवात केली होती, घाई न करता.

‘हे निवळी नाई. हे साधं पानी हाय. निवळी असती तं दुधावानी झाली असती. आपन जे सोडतो ना तोंडातून, त्याच्यात एक वायू असते. तो चुन्याले लागला का पांढरं होते. साध्या पान्यात मी दिवसभर फुकलं तरी हे पानीच राह्यते.’

‘मंग निवळी कुठी गेली व बाई?’ बायांच्या बाजूनं कोणीतरी विचारलं.

‘थेच पाहून राह्यली.’

तिनं आमच्या टेबलावर पाहिलं. मग शिपाईमामांकडे पाहिलं. मामा टोपीकडे हात नेत होते. मग तिनं व्यासपीठावरच्या ग्लासांकडे पाहिलं आणि त्यातल्या एकाच्या मागं बसलेल्या पाहुण्यांकडे. आणि मग पायऱ्या चढून त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

‘सर, तुमचा ग्लास देता का?’

त्यांनी दिला. तिनं देठ आत घातला आणि तिथंच उभं राहून फुंकलं. आधी एक धूसर रेघ आली, मग ढग, मग सगळा ग्लास ताकासारखा पांढरा. तो तिनं वर धरला, मागच्या लोकांना दिसेल असा.

पाहुण्यांनी त्या पांढऱ्या ग्लासाकडे नीट पाहिलं.

‘मला वाटलं,’ ते हळूच म्हणाले, पण माईक समोरच होता, ‘घाटाखालचं पाणीच असं असतं.’

‘खारं हाय बापा,’ बायांतून आवाज आला, ‘पन इतकं नाई!’

मग जे हसणं सुटलं ते अध्यक्षांनाही आवरता आलं नाही, म्हणजे दुसऱ्यांचं आवरता आलं नाही. ते स्वतः हसले नाहीत. एखाद-दोन घोटांनी काही होत नाही, हे मी पाहुण्यांना रासायनिक कारणांसह समजावून सांगू लागले, तेव्हा त्यांनी ते मराठीत सांगण्याची विनंती केली. मी घाबरून इंग्रजीत बोलत होते. मला आठवतं तसं माझं त्या वर्षातलं सगळ्यात अस्खलित इंग्रजी ते होतं. मग त्यांच्यासाठी मुलीच्या विहिरीचं गोडं पाणी आणवलं. त्याचा त्यांनी आधी वास घेतला आणि मग ते पुरतं प्यायले.

गर्दी पांगल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, ‘मॅडम, प्रयोग चांगला झाला. पण निष्कर्ष मराठीत निघाला.’

‘वऱ्हाडीत, सर,’ मी म्हणाले.

‘तेच तर.’

मला त्याची फारशी फिकीर नव्हती. मला खांबाजवळचा पांढरा शर्ट शोधायचा होता, आणि तो तिथं नव्हता. मुलगीही टाचा उंच करून बघत होती. ती जे बोलली ते इंग्रजीत नव्हतं, वेगात नव्हतं, आणि आमची शाळा पाहुण्याला चुना पाजते एवढंच कोणी म्हटलं असतं तर खोटं ठरलं नसतं. म्हणजे सहावी.

पुढचे काही दिवस मी रोज तिच्याकडे बघायची आणि ती मान हलवायची. ‘बाबा कायच नाई बोलले.’ एकदा म्हणाली, ‘तो मात्र लय रुसून हाय, धाकटा. काऊन ते सांगत नाई.’ वर्गात ‘म्हंजेऽऽ’ चालूच होतं. आम्ही कोन संपवले, अपूर्णांक संपवले. ती अजूनही मागं वळून सांगत होती, पण आता मागचा बाक एक होऊन ऐकायचा, जणू ती उद्या नसणार हे त्यांनाही कळलं होतं. आज पोरांच्या हातात फोन आहेत, त्यात एक बाई कोणत्याही वाक्याचं कोणत्याही भाषेत भाषांतर करून सांगते. मी ऐकून पाहिलं. चांगलं सांगते. मागं वळून बघत नाही एवढंच.

परीक्षा संपली आणि एका सकाळी तिचे वडील शाळेत आले. हातात पिशवी, पिशवीत वांगी, पायाला वावरातली माती. मी स्टाफरूमच्या दारात गेले.

‘मॅडम, पोरीचा दाखला काढू नका. राहू द्या इथीच आठवीले, तुमच्या सेमीत.’

मी काही बोलणार होते. समजणं, भाषा, मुलींचं धैर्य असं काहीतरी, माझ्या तोंडी कधी न शोभणारं. वाक्य सुरूही केलं. ‘दादा, तिनं त्या दिवशी जे केलं ना...’

‘कोनत्या दिवशी?’

‘कार्यक्रमात. तुम्ही पाहिलं की.’

‘हाव, तो,’ ते म्हणाले. ‘मी नाई थांबलो, मॅडम. ते पाहुने बोलाले उठले अन् इकडे लाईन आली. मोटर चालू कराले गेलो. मिरचीले पानी द्याचं होतं.’

‘मग कोणी सांगितलं तुम्हाला?’

‘कोनी काई नाई सांगतलं. वाटेनं बाया हासून राहिल्या होत्या, मले वाटलं नकला झाल्या.’ त्यांनी वांग्यांची पिशवी दाराशी ठेवली आणि जरा ओशाळून रुमालानं मान पुसली. ‘आमचा लहाना मागं लागला. जेवन टाकून बसला दोन दिवस. म्हंते, ताई माया वर्गात आली तं मी जात नाई शायेत.’

‘का पण?’

‘त्याचा पयला नंबर येते ना तिथं. म्हंते, ताई आली का माया नंबर गेला. म्हटलं जाऊ द्या, काऊन पोराचं मन मोडा.’

जूनमध्ये ती आमच्या आठवीत, सेमीच्या तुकडीत, खिडकीच्या बाकावर बसली. भाऊ सहावीत गेला आणि त्या वर्षी तिसरा आला.